थंड जागी ठेवायचं मलम

मी एक मलमाची ट्यूब बोलतेय. कच्च्या पपईच्या चिकातून काढलेलं एन्झाइम माझ्या पोटात भरलं, तेव्हा मला फार मोठं काम मिळाल्यासारखं वाटलं. डास चावला की त्याची लाळ कातडीत राहते आणि खाज सुटते. त्या लाळेतली प्रथिनं तोडायची, एवढंच माझं काम.

सेक्टर सहाच्या बाजारात मला केवलरामांनी घेतलं, दुपारच्या शिफ्टला जाताना. ते इथल्या स्टील प्लांटमध्ये भट्टीवर कामाला आहेत. त्यांची मुलगी नीतू डास चावले की रक्त येईपर्यंत पोटऱ्या खाजवायची.

दुकानदार म्हणाला, "भैया, ठंडे में रखना. गर्मी में दवा मर जाती है."

केवलराम हसले. "इसको गर्मी बोलते हो? कभी हमारी फर्नेस के पास खड़े रहो!"

त्यांनी मला स्कूटरच्या डिक्कीत टाकलं आणि स्कूटर उन्हात लावली. मे महिना होता. त्यांना ती गरमी वाटतच नव्हती. माझ्या आतलं मात्र सगळं हळूहळू विझत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नीतूच्या पायाशी खाली बसले. भाजून राठ झालेली बोटं, पण मला किती जपून लावलं!

"आराम पडला का वं माय?"

नीतूनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "हो बाबा. एकदम."

नव्हता पडला. मला ठाऊक होतं, तिलाही.

केवलराम शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगू लागले, "माह्या पोरीले एका दिवसात आराम!" नीतू घरातही सलवार घालू लागली. कपडे धुताना तिच्या आईला, बेबीताईंना, सलवारीवर रक्ताचे डाग दिसले.

"अजून कावून खाजवून राहिली वं? बाबाले सांगू का?"

"आई, प्लीज, मत बताना. बाबा किती खुश हायेत."

बेबीताईंनी सलवार पुन्हा पाण्यात बुडवली.

शेवटी एक जखम पिकली. डॉक्टरकडून आल्यावर केवलराम पुन्हा नीतूच्या पायाशी बसले. मग म्हणाले, "मले सांगायचं ना वं. दुसरी आणली असती." नीतू तेव्हा रडली. जखम धुताना रडली नव्हती.

आता मी खिडकीत अर्धी पिळलेली पडून आहे. 'नकली निघाली' असं घरात म्हणतात. म्हणू देत. पण एक ऐका. प्रेमानं लावलेलं औषधही कधी लागू पडत नाही. तेव्हा तसं सांगा. लावणारा अजून समोरच बसलेला असतो, दुसरं औषध आणायला तयार.