पुढे आलेली होडी

‘देवा, मी तुला हवी आहे का?’ — खापरीवरची काजळीची तिरकी अक्षरं एका कडेनं फिसकटली होती आणि हुनेरो ती अंगठ्यानं आणखी पुसत बसली होती. पुसलं म्हणून विचारलेलं थोडंच परत येतं... परवा मैत्रीण वाबेतनं पैज लावली होती. ‘हरवलेलं गाढव कुठंय, लग्न जमेल का, हेच विचारतात मेल्या सगळ्या! तू काहीतरी भारी विचार की. की घशात माशाचा काटा अडकलाय?’ मुली फिदीफिदी हसल्या, आणि गेल्या पुरापर्यंत चारचौघांत जिला घाम फुटायचा, आता कुठे जिला तोंड फुटलं होतं, त्या हुनेरोनं काल भर उत्सवात देवाच्या वाटेवर खापरी ठेवली. गावच्या देवाची होडी माणसांच्या खांद्यावरून कौल देते : मागे सरली तर नाही, पुढे आली तर हो.

ती पुढे आली.

पुढच्या दांडीखाली बाबाच होते... आणि होडी वळली तेव्हा हुनेरोच्या पायांशी तिची स्वतःची सावली नव्हती. होडीच्या सावलीत मिसळून ती देवळाकडे चालली होती. देवानं सावली ठेवून घेतली की उत्सवाच्या शेवटच्या दिवशी त्या सावलीमागे देवळाच्या आतल्या दारातून जायचं, आत गेलेलं कुणी परत येत नाही. न गेलं तर घरच्यांच्या मनातूनही त्या माणसाचं नाव कायमचं गळून जातं, आणि ते निसटणं सावली गेल्यापासूनच सुरू होतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेवटचा दिवस उद्या.

‘उन्हात जाऊ नकोस,’ आई भट्टीपाशी भाकऱ्या थापता थापता सकाळपासून तेच म्हणत होती — जणू सावलीत बसलं की सावली नसल्याचं देवालाही दिसणार नाही.

दुपारी बाबा देवळातून घरी आले. खांदा काळानिळा.

‘बाबा, खरं सांगा. तुम्ही ढकललंत?’

‘ढकललं? अगं, मी पाय रोवून मागे रेटत होतो! अंघोळ करून, उपास धरून दांडीला हात लावलेला माणूस मी, आणि देवालाच मागे... उद्याही रेटीन.’

‘खांदा बघा आधी. सडलेल्या कलिंगडासारखा झालाय,’ आई म्हणाली. ‘निघाले देवाशी कुस्ती खेळायला.’

हसायला हवं होतं. पण बाबा रेटत होते तेव्हा मी काय करत होते? — होडीचं ते लाकडी नाक माझ्याकडे येताना, एवढ्या गर्दीतून फक्त माझ्याकडे, छातीत काहीतरी उड्या मारत होतं : मीच, मीच... हे आईला कसं सांगायचं? त्या खांद्याकडे बघून तर मुळीच नाही.

‘जेवून घे गं...’ आई म्हणाली, आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. ‘ए... अगं...’ पिठाचा हात तिनं ओठांवर दाबला. ‘बाळा.’

बाबा मसुरीच्या वाटीत बघत राहिले. त्यांनीही नाव घेतलं नाही.

‘मी उद्या आत जाणार आहे,’ हुनेरो म्हणाली. ‘बाबा, तुम्ही दांडीला हात लावायचा नाही.’

आवाज खणखणीत निघाला. हे आपण यांच्या मायेनं म्हणतोय, की विसरलं जाण्याच्या भीतीनं, की कुणाला तरी आपण एवढे हवे आहोत या... तिला काही केल्या ठरवता येईना. आणि तरी ती पुन्हा म्हणाली, ‘जाणार.’