झाडं खाली आणणारी करवत

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे, लांब दांड्याची. दुकानातली नव्हे, घरात घडवलेली. तरी मला कुणी हलकी समजू नका. दुकानातल्या कितीतरी माझ्यासमोर मोडल्या.

आमच्या कोर्फू बेटावरच्या ह्या गावात ऑलिव्हची झाडं कुणी छाटत नसे. बापाने छाटली नाहीत, म्हणून मुलानेही नाहीत. झाडं आभाळाला टेकलेली. खाली काळी जाळी अंथरायची आणि फळ पडेल तेव्हा पडेल म्हणून हिवाळाभर वाट बघायची. जाळीवर पडलेलं फळ कुजतं, त्याचं तेल आंबट निघतं. घाणेवाला नाक मुरडून दिव्यात जाळायच्या तेलाचा भाव देतो. असल्या तेलावर तरुण माणूस गावात कशाला राहील?

स्तामातेलाचा मुलगा यासोन हेच विचारायचा. त्याच्या बरोबरीचे सगळे जर्मनीत हॉटेलांत कामाला गेले होते. स्तामातेला ही विधवा, हा एकुलता एक, आणि तिची जीभ माझ्या दात्यांहून धारदार. पण 'राहा' एवढा शब्द तिच्या तोंडून निघेना. तिने मनाशी ठरवलं, झाडंच खाली आणायची. उभ्या उभ्या हाताला लागेल असं फळ, ताजं तोडलेलं, गोड तेलाचं. मग पोरगा जाईल कशाला?

त्यासाठी मला घडवलं. सरूचा सरळ सोट तिने छपराखाली उन्हाळाभर वाळवला, म्हणजे पुढे वाकायला नको. नवऱ्याच्या वाकड्या करवतीचं पातं काढलं. आधी खिळे ठोकून बसवलं, तर पहिल्याच फांदीत मी लटलटले. मला शिव्या बसल्या. मग तिने सोटाचं टोक उभं चिरलं, पातं त्या चिरेत सरकवलं, तापल्या सळईने भोकं पाडून बोल्ट आवळले, आणि लाकूड आणखी उकलू नये म्हणून शेळ्यांच्या कुंपणाची तार वर घट्ट गुंडाळली. माझे दाते ओढताना कापणारे. जमिनीवर उभ्या बाईला एवढंच पुरतं.

मग त्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी काय काम केलं! फांदी कडाडून खाली यायची, आणि जिथे कधी ऊन पोचलं नव्हतं तिथे ऊन पडायचं. संध्याकाळी ती मला पुसायची, पात्याला तेल लावायची. तिची मोठी नणंद लुकिया कुंपणापाशी येऊन उभी राहायची.

"वहिनी, झाडं छाटतेस की कोंबड्या सोलतेस?"

"वन्सं, सोलल्याशिवाय कोंबडी ताटात येत नाही. तुम्हाला आयती गिळायची सवय, तुम्हाला कुठून कळणार?"

नणंदेच्या टोमण्याने स्तामातेला आणखी इरेला पेटली. दोन-चार झाडं छाटून थांबायचं, तर तिने सगळी बाग एकाच हिवाळ्यात खाली उतरवली. गावात कुणी कधी छाटलंच नव्हतं, त्यामुळे एवढं कापलेलं ऑलिव्ह पुढे काही वर्षं फळच धरत नाही, हे सांगायला कुणी नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात जाळी रिकामी राहिली.

"आई, फळ कुठंय?" यासोनने विचारलं.

"येईल."

"कधी?"

"मला काय विचारतोस? झाडाला विचार."

"मी जर्मनीला जातोय, आई. बोलणं झालंय माझं."

"मग जा की! तुला इथे दावणीला बांधलाय कुणी?"

तो पिशवी घेऊन फाटकाशी आला. तिथे बराच वेळ उभा राहिला. ती त्याच्याकडे पाठ करून मला ओढत होती. मित्रांनो, फांदी केव्हाच खाली पडली होती. माझे दाते नुसत्या हवेत फिरत होते. फाटक वाजलं, तरी ती थांबली नाही.

पुढे काही वर्षांनी झाडांनी फळ धरलं, ते असं की फांद्या गवताला टेकल्या. तिने ओचा भरेल एवढं तोडलं. गुडघ्यांनी तेवढंच होऊ दिलं. बाकीचं पाखरांनी खाल्लं. फोनवर यासोन म्हणाला, "ऐकलं मी, झाडं लगडलीत म्हणे."

"लगडलीत. तुझं काय त्याचं?"

"मला इथे कायमचं काम मिळालंय, आई."

"बरं झालं," ती म्हणाली. फोन ठेवला, आणि रिकाम्या ताटलीसमोर बसून राहिली.

तेव्हापासून तिने मला हात लावलेला नाही. माझं पातं गंजलं, तार सैल झाली. बागेतले कोंब पुन्हा वर निघालेत, उंच, सरळ. त्यांना आता कुणी अडवणार नाही.

मित्रांनो, हत्यार वापरून झालं की पुसावं, तेल लावून कोरड्या जागी ठेवावं. एवढं तुम्ही करालच. पण घरातलं कुणी फाटकाशी उभं असेल, तर त्याला तोंडाने सांगा, राहा म्हणून. ते काम करवतीच्या हातचं नाही. मी जीव तोडून करून बघितलं.