शुभ बोला, रांजण ऐकतोय

मित्रांनो, मानवजातीचे पालनपोषण आजवर दोघांनीच केले. एक आईने आणि दुसरे मी. सूर्य, पाऊस वगैरे मंडळींनी थोडाफार हातभार लावला असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मी एक जुना रांजण आहे. चीनमधल्या मेईचौच्या डोंगरात, हाक्का लोकांच्या एका घरात, बाळंतिणीच्या खोलीत, दुपट्यांच्या बादलीशेजारी उभा असतो. बादली रोज धुतात. मला दोन बाळंतपणांच्या मधे कधीतरी.

माझा जन्म डोंगरउतारावरच्या लांबलचक भट्टीत झाला. माझ्याबरोबर आगीत गेलेले कितीतरी भाऊबंद तडकले. मी टिकलो, याचे श्रेय मी नेहमी माझ्या चारित्र्याला देत आलो. कुंभार मात्र म्हणायचा, "हा भट्टीच्या पार मागच्या टोकाला होता, ह्याला आच लागलीच नाही."

माझे काम सोपे. घरातल्या सुनेला दिवस गेले की चिकट तांदूळ वाफवायचा, त्यात किण्वाच्या वड्या कुस्करायच्या आणि माझे पोट भरायचे. मद्य उतरले की अंगणात तुसाच्या धुमसत्या ढिगात मला गळ्यापर्यंत पुरायचे. बाळंतीण महिनाभर उंबरा ओलांडत नाही, केस धूत नाही, पाण्याच्या थेंबाला शिवत नाही. तहान लागली तर मद्य. आल्यात परतलेल्या कोंबडीवर ओतायचे तेही मद्य. दूध येत नसेल तर ते यावे म्हणून, आणि येत असेल तर त्याचे आभार म्हणून.

या घराचे मद्य फुंगमोई गाळते. ती सून म्हणून आली तेव्हा तिचा पहिला घाणा आंबट झाला होता, आणि तिची सासू मरेपर्यंत पाहुण्यांना ते सांगत राहिली. त्यानंतर फुंगमोईने असे मद्य केले, की शेजारणी वाटी घेऊन दारात उभ्या राहत. आयुष्यात कौतुकाची म्हणून तिच्याकडे तेवढी एकच गोष्ट होती.

आणि एक नियम होता. माझ्यात मद्य असेपर्यंत माझ्यासमोर वाईट शब्द काढायचा नाही. काढला तर मद्य आंबते आणि घराची बरकत जाते. नियम कोणी केला ठाऊक नाही. मला विचारले असते तर मी सांगितले असते, की शब्दांनी माझे काहीही बिघडत नाही. मला कोणी विचारले नाही.

फुंगमोईची थोरली सून सुकफुन बाळंत झाली. मुलगी. मुलीचा बाप तिनकोंग दूर शेन्चेन शहरात कारखान्यात होता, तो बाळाला महिना भरला की घालतात त्या जेवणाला येणार होता. फुंगमोईने माझ्या गळ्यावरची मातीची मोहर फोडली आणि वाडगा भरला.

"घे पोरी, गरम आहे तोवर संपव. आणि लगेच बाळाला घे. दूध कसं धो धो उतरतं बघ."

"आई, आधी बाळाला पाजून मग पिऊ का?"

"आधी झोपायचं आणि मग अंथरूण घालायचं, असं शिकवलं का माहेरी?"

"पण शेवटी दारूच ना ही?"

"दारू बाप्ये पितात. बाळंतीण पिते ते औषध. तुसात एवढं भाजल्यावर दारू राहते होय त्यात?"

बाळ प्याले की झोपे. झोपले की उठत नसे. शेजारणी येऊन कानशिलावर कौतुकाने बोटे मोडून जात. "किती शहाणं! रडणं ठाऊकच नाही बाई."

मग सरकारी दवाखान्यातल्या ल्याउबाई काटा घेऊन आल्या. बाळाला झोळीत टांगले. काट्याकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"हिचं वजन घट—"

"शू!" फुंगमोईने त्यांचा हातच धरला. "रांजण ऐकतोय. शुभ बोला."

"मग बाहेर बोलू."

"बाळंतीण बाहेर येत नाही."

ल्याउबाईही त्याच डोंगरातल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, "बाळ... दिवसेंदिवस उचलायला सोपं होत चाललंय."

"गुणाचंच आहे!" फुंगमोई म्हणाली.

"मद्य फार उदार असतं, मावशी. आईच्या रक्तात जेवढं, तेवढंच दुधातून लेकराला वाटून देतं."

"माझं पहिल्यापासून उदार."

"उकळलं, भाजलं, तरी त्यातला जोर बराचसा टिकतो."

"टिकणारच! थेंबभर पाणी घालत नाही मी."

ल्याउबाईंनी हात टेकले. झोळी सोडवण्याच्या निमित्ताने वाकून त्या सुकफुनच्या कानाशी लागल्या. "अजिबात घेऊ नकोस, तेच बरं. सुटतच नसेल तर आधी बाळाला पाज, मग लहानसा पेला, आणि पेल्यामागे दोन तास तरी बाळ छातीला लावू नकोस. हा वाडगा म्हणजे दोन-तीन पेले धर. दूध पिळून टाकलं म्हणून मद्य लवकर निघत नाही, वेळच जावा लागतो. आणि पिऊन बाळाला कुशीत घेऊन झोपू नकोस, कळलं?"

"काय सांगताय?" फुंगमोई.

"म्हटलं, नशीबवान आहेस."

सुकफुनने हिशेब करून पाहिला. बाळाची भूक तेवढा वेळ थांबत नव्हती, आणि वाडगे तर बाळाच्या भुकेसाठीही थांबत नव्हते. तिने पाणी मागितले. सासू म्हणाली, "पाणी? महिन्यात? म्हातारपणी गुडघे धरले की माझं नाव घेशील." सुकफुनने तिनकोंगला फोन केला. तो म्हणाला, "आई म्हणते तसं कर ना. मीसुद्धा त्याच दुधावर वाढलो."

"म्हणूनच विचारतेय," सुकफुन म्हणाली. त्याने फोन ठेवला.

मग तिला एक युक्ती सुचली. सासूची पाठ वळली की कोंबडीचे तुकडे ती खायची आणि वाडग्यातले मद्य परत माझ्यात ओतायची. बाळ डोळे उघडू लागले. एके दुपारी तर चक्क रडले. एवढा गोड आवाज या खोलीत कधी घुमला नव्हता. सुकफुन हसली, आणि मग लगेच तिने तोंडावर हात ठेवला.

पण फुंगमोईने माझ्यात डोकावून पाहिले. रोज उपसूनही मद्य कमी होत नव्हते.

"बरकत!" ती ओरडली. "रांजण भरतोय!"

माझ्यापुढे उदबत्ती लागली. शेजारणी पाया पडून गेल्या. मित्रांनो, एवढा मान मला जन्मात मिळाला नव्हता, आणि तो कोंबडीच्या तेलकट रश्शामुळे मिळावा याचे वाईट वाटते. आता कमी पडण्याची भीतीच उरली नाही, म्हणून वाडगा मोठा झाला. आणि बाळ रडू लागले म्हणजे दूध पुरत नसणार, म्हणून तो संपेपर्यंत फुंगमोई समोर बसू लागली. प्रेमाने. सुनेच्या पाठीवरून हात फिरवत.

बाळ पुन्हा शहाणे झाले. ओढून प्यायचे राहिले, तसे दूधही कमी झाले. दूध वाढावे म्हणून आणखी एक वाडगा आला.

तेव्हा सुकफुन उठून उभी राहिली आणि माझ्यासमोर, स्पष्ट आवाजात म्हणाली, "आई, बाळ सुकतंय. तुमच्या ह्या मद्याने सुकतंय. मरेल ते."

फुंगमोईच्या हातातली पळी खाली पडली. वाकून तिने माझ्यात बोट बुडवले आणि जिभेला लावले.

मद्य आंबले होते.

उष्टे, तेलकट मद्य इतके दिवस पोटात घेतल्यावर कुठलाही रांजण आंबेल. पण हे सांगणार कोण? सुकफुनने सांगून पाहिले, तर ऐकणारे म्हणाले, "म्हणजे ओतलंसही तूच, आणि बोललीसही तूच." फुंगमोई माझ्या गळ्यात हात टाकून रडली. तिच्या सासूचा आवाज तिला नक्की ऐकू येत असणार.

महिन्याच्या जेवणाला फटाके वाजले. तिनकोंगच्या हातात बाळ दिले, तर ते डोळेही उघडीना. "हिला फटाक्यांचीसुद्धा भीती नाही!" पाहुणे म्हणाले. सुकफुनचे दूध तोवर आटले होते. डब्यातली पावडर आली. दूधच नाही तर बाईने घरात बसून करायचे काय, म्हणून नवऱ्याबरोबर तिलाही कारखान्यात पाठवले. बाळ जगले. आजीच्या पाठीवर बांधलेले असते, अजून उचलायला सोपे. सुकफुनचा फोन आला की आजी सांगते, मजेत आहे. शुभच बोलायचे असते.

आता धाकट्या सुनेला दिवस गेले आहेत. तांदूळ भिजत पडला आहे. नियम थोडा कडक झाला आहे : सुनांनी माझ्यासमोर काहीच बोलायचे नाही, चांगलेही नाही.

मित्रांनो, बाळ अंगावर पीत असेल तर मला दूर ठेवा. तेवढी घरात सोय नसेल, तर आधी बाळाला पाजा, मग थोडेसे घ्या, आणि मग घड्याळाकडे पाहा, सासूकडे नको. तुम्ही ऐकाल अशी मला फारशी आशा नाही. माझ्या घरातही कोणी ऐकले नाही.

असो. आलाच आहात, तर माझ्या बुडाखाली एक चपटा दगड तेवढा सरकवा. फार डुगडुगायला होते.