तारलीच्या कारखान्यातला डोळा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. बंद पडलेला नव्हे, बंद केलेला. युरोपातल्या गालिसियाच्या किनाऱ्यावर तारली मासे डब्यांत भरण्याच्या एका कारखान्यात, कोठाराच्या वरच्या फळीवर मी बसून असतो. इथे कुणी येत नाही.

मी नवा असताना माझं केवढं कौतुक झालं! मी नुसता पाहत नसे. चेहऱ्यावरून माणसाचं मन ओळखतो, असं मला बनवणारे सांगत. मालकांनी मला उंच भिंतीवर बसवलं. समोर चाळीस बायका मासे साफ करत आणि मी प्रत्येकीच्या नावापुढे लिहायचो: आनंदी, थकलेली, नाराज. त्यांच्या गप्पा रंगायच्या, पण माझ्याकडे लक्ष गेलं की कुणीतरी कुजबुजायची, "हसा गं बायांनो, डोळा बघतोय!" आणि सगळ्या दात दाखवायच्या. खरं हसू माझ्या वाट्याला कधी आलंच नाही.

ओतिलियाला तेवढंही जमत नसे. आजारपणात तिच्या तोंडाची डावी बाजू लुळी पडली होती. मला आजार काय ठाऊक? मी रोज लिहीत गेलो: नाराज.

एकदा मुकादम रामिरो तिला म्हणाला, "ओतिलिया, यंत्र म्हणतंय, तू महिनाभर तोंड पाडून बसलीयेस."

"अरे बाबा, मी कुठे पाडलंय? पडलंय ते! बावीस वर्षं बघतोयस ना मला?"

रामिरोने मान खाली घातली. तरी कागदावर माझाच शब्द राहिला. तिला मैत्रिणींमधून उठवून मागच्या थंड खोलीत एकटीला माशांच्या पाट्या धुवायला धाडलं. तिच्या रिकाम्या जागेकडे मी दिवसभर पाहत असे. तिथे लिहायला काहीच नव्हतं.

पुढे युरोपचा कायदा आला. कामाच्या ठिकाणी यंत्राने माणसाच्या भावना ताडायच्या नाहीत. सूट फक्त उपचारासाठी किंवा सुरक्षिततेसाठी. मालकांनी मला चालूच ठेवलं. मग ओतिलियाने तक्रार केली आणि तपासणीला सरकारी अधिकारी इरियाबाई आल्या.

"सुरक्षेसाठीच बसवलाय हो," मालक म्हणाले.

"मग या बाईंना थंड खोलीत का पाठवलंत?"

"त्या नाराज असतात. यंत्राने सांगितलं."

"यंत्राला कसं कळलं?"

कुणालाच सांगता येईना. मलाही नाही.

ओतिलियाला तिची जागा परत मिळाली. मला उतरवायचा हुकूम झाला, तेव्हा शिडीवर तीच चढली. "बघू, दिसत तरी होतं का याला!" म्हणत तिने माझ्या काचेवरचे खवले पुसले. इतक्या जवळून मी माणूस कधी पाहिला नव्हता. तिचं तोंड वाकडं होतं आणि ती हसत होती. मला ते लिहायचं होतं. तेवढ्यात तिने तार ओढली.

मित्रांनो, कुणाचा चेहरा उतरलेला दिसला, तर दुरून निकाल लावू नका. जवळ जाऊन विचारा. मला विचारता येत नव्हतं.