एकुलता एक फ्लॉवर

आमचे हे अँब्युलन्सवर ड्रायव्हर होते. तीस वर्षं. फोन कधी वाजेल याचा नेम नाही, म्हणून जेवण म्हणजे चार घास कोंबायचे आणि पायात बूट सरकवायचे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सवय काही जाईना. मी स्वतःला वाढून घेऊन खुर्चीत टेकेपर्यंत हे हात धुऊन मोकळे. पोटात जळजळ व्हायला लागली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, सावकाश जेवा. माझं दुखणं वेगळंच होतं. एकदा तरी माझं ताट संपेपर्यंत या माणसानं समोर बसावं, एवढंच मला हवं होतं.

सांगून ऐकणाऱ्यातले हे नव्हेत. म्हणून मी गच्चीवर कुंड्या, शेणखत आणि फ्लॉवरची सहा रोपं आणून दिली. म्हटलं, स्वतः पिकवलेलं तरी माणूस चावून खाईल. औषध फवारायचं नाही, ही माझी अट.

"अगं, मग अळ्यांना काय हात जोडून सांगू?"

"हातानं वेचा. तुम्हाला आता कुठं घाईनं जायचंय?"

आणि काय सांगू, वेचल्या! रोज सकाळी चष्मा लावून, एकेक पान उलटं करून. तरीही चार रोपं अळ्यांनी फस्त केली आणि पाचवं मुळाशी कुजलं. ते माझ्यामुळे, पाणी जास्त झालं. त्या दिवशी यांनी चहासुद्धा घेतला नाही. सहाव्याला मात्र तीन महिन्यांनी दोन मुठींएवढा गड्डा धरला. शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवला. आमची मुलगी झाली तेव्हाही इतका गाजावाजा केला नव्हता.

रविवारी दुपारी मी तो नुसत्या मीठ-मिरीवर परतला आणि दोन ताटांत निम्मा निम्मा वाढला. पाणी आणायला आत गेले, बाहेर येते तर यांचं ताट लख्ख.

माझा असा संताप झाला! "तीन महिने राबलात आणि दोन मिनिटांत गिळलंत?"

यांनी ताटाकडे पाहिलं. चेहरा पार उतरला. "चव कशी होती गं? मला कळलंच नाही."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. माझ्यातला अर्धा मी यांच्या ताटात सरकवला. यांनी एक तुरा उचलला, सावकाश चावला, थांबले. "गोडसर आहे," म्हणाले. "आणि देठ कसा करकरीत आहे बघ." मग दुसरा घेतला. मी माझं जेवत राहिले. माझं ताट संपलं तरी यांच्या ताटात दोन तुरे शिल्लक होते.

यांनी मान वर केली. माझ्या रिकाम्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अगं, मी उठून गेल्यावर तू रोज एकटीच जेवायचीस?"

"हो," मी म्हणाले, आणि इतकी वर्षं न आलेलं रडू मला तेव्हा आलं.