टायपिंग क्लासमधलं शिस्तीचं भूत

सकाळीच परंड्याच्या बसस्टँडमागचा कृष्णराजचा टायपिंग क्लास गच्च भरला होता. जिन्यावर चपलांचा खच पडलेला, खिडक्यांत डोकी, आणि कीबोर्डांवर हळदीकुंकू. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाने हे बघून गप्प बसायचं म्हणजे शिक्षाच. मी कधी या पायावर, कधी त्या पायावर उभा राहत होतो.

मधोमध खुर्चीवर यंत्रनाथ महाराज होते. पूर्वी कुठेतरी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचे म्हणे. आता कॉम्प्युटरमधली भुतं काढतात. धंदा तोच, मिळकत वेगळी.

"ह्यो साधा बिघाड न्हाय," महाराज सांगत होते. "मदरबोर्ड म्हंजी कोण? आई. आईच्या पोटात अतृप्त आत्मा शिरलाय. अँटीव्हायरसला त्यो भीत न्हाय, कारण अँटीव्हायरस उपास करत न्हाय."

लोकांनी माना डोलावल्या. माझी मान मात्र आखडली.

झालं होतं ते एवढंच. गेल्या आठवड्यापासून क्लासमधल्या एकाही मशीनवर मराठी नीट उमटेना. दाबावं एक अक्षर, उमटावं दुसरं. सगळ्यांत आधी ते राजनंदिनीला दिसलं. ती समोर गर्दीत उभ्या असलेल्या हिंमतरावांची मुलगी. सोमवारी तिची टायपिंगची परीक्षा होती आणि त्या परीक्षेवर तिची नोकरी ठरणार होती.

महाराजांनी तिला पुढे बोलावलं. "टाइप कर, शरण."

तिने टाइप केलं. पडद्यावर उमटलं, 'वयढ'.

"बघा! आत्मा बोलला. वय ढळलेला कुणीतरी पूर्वज हाय." मग महाराजांनी विभूती फुंकली, डोळे मिटले, तीन कळा दाबल्या. पडद्यावर स्वच्छ अक्षरांत उमटलं, 'शरण'.

बायकांनी हात जोडले. कुणीतरी नारळ फोडला, आणि त्याचं पाणी एका मशीनवर उडालं ते मला अजून बोचतं.

"आत्मा ह्या पोरीच्या बोटांतून मशीनीत गेलाय," महाराज म्हणाले. "हिंमतराव, उद्या सकाळी परत पूजा मांडतो. मग मशीनं सीना नदीत सोडायची, आन् पोरीला माझ्या मठात सेवेला ठेवायची. न्हायतर तुमच्या घरात शिरंल."

"तुमी म्हणाल तसं, महाराज," हिंमतराव म्हणाले. राजनंदिनीने बापाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"अहो, मठात कशाला? तिची परीक्षा आहे सोमवारी!" मी ओरडलोच.

"मास्तर, शाळा सुटली तुमची," मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

मी तणतणत जिना उतरलो. राजनंदिनी धावत मागे आली.

"सर, म्या एक बघितलं. महाराजांनी 'श'ची कळ दाबलीच न्हाय. बोट 'ष'वर गेलं. मग 'ल', मग 'त'. आमी न बघता टाइप करतो, बोट कुठं पडतंय ते आमाला बरोबर कळतंय."

मी तिथेच थांबलो. इतक्या डोळ्यांदेखत चमत्कार झाला, आणि भूत लागलेल्या पोरीनेच तो नीट बघितला होता.

माझी जुनी विद्यार्थिनी शिवलीला शेजारच्या गल्लीत राहते. क्लासमधली मशीनं ज्या मोफत संगणकप्रणालीवर चालतात, तिच्यासाठी जगभरातली माणसं सॉफ्टवेअरची गाठोडी बांधून पाठवतात. शिवलीला त्यांतली एक. महाराज दुपारी पुरणपोळी खाऊन लवंडले, तेव्हा मी तिला क्लासमध्ये आणलं.

तिने प्रत्येक कळ दाबून बघितली. "'र' दाबला की 'य', 'म' दाबला की 'भ'. प्रत्येक मशीनवर, प्रत्येक वेळी तेच. सर, भुताला एवढी शिस्त कुठून?"

मग ती कृष्णराजकडे वळली. "गेल्या आठवड्यात काय केलंस?"

"प्रणाली नवी केली. त्यानंतर टायपिंगचा प्रोग्रॅम चालूच होईना. जुनी लायब्ररी सापडत न्हाय म्हणाला. मग मी नेटवर बघून नव्या लायब्ररीला जुनं नाव देऊन टाकलं. लगेच चालू झाला की."

शिवलीलाने कपाळावर हात मारला. मला अजून काही उमगलं नव्हतं. तिने खुर्ची ओढली.

"सर, लायब्ररी म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांनी मिळून वापरायची सामायिक फाइल. ह्या लायब्ररीत अक्षरांची रांग आहे. प्रोग्रॅम तिला नुसता नंबर सांगतो, ती अक्षर देते. नव्या लायब्ररीत रांगेत मधेच एक अक्षर घातलंय, त्यामुळं पुढची सगळी एकेक घर सरकली. आत असा बदल झाला की आम्ही लायब्ररीच्या नावातला क्रमांक बदलतो. म्हणजे ज्याला जुनी पाहिजे त्याला जुनी, ज्याला नवी पाहिजे त्याला नवी. दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. हा क्रमांक म्हणजे इशारा असतो. कृष्णराजनं तोच पुसला."

"पण जुन्या नावानं चाललं तर खरं," कृष्णराज पुटपुटला.

"आपल्याकडं आज्जा वारला की नातवाला त्याचं नाव ठेवतात. समजा बलभीम म्हणून हाक मारली तर नातू ओ देईल. पण बांधाची खूण आज्जालाच माहीत होती. नातवाला विचारली तर तो चुकीचीच दाखवणार. त्यात नातवाची काय चूक, आणि भुताचा काय संबंध?"

"आणि महाराज?" मी विचारलं.

"त्यांनी सरकलेली रांग ओळखली. 'श' पाहिजे तर पुढचा 'ष' दाबायचा. बास."

तिने खोटं नाव काढलं, जुनी लायब्ररी नवीच्या शेजारी बसवली. आम्ही कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट होती. राजनंदिनीच्या कपड्यांची पिशवी हिंमतरावांच्या हातात होती. महाराजांनी विभूती फुंकली, डोळे मिटले, ऐटीत तीन कळा दाबल्या.

पडद्यावर उमटलं, 'षलत'.

महाराजांनी पुसून परत दाबलं. 'षलत'. दुसऱ्या मशीनवर गेले. तिथंही तेच. विभूतीची एक मोठी फुंकर कीबोर्डवर पडली, पण अक्षरं हलली नाहीत.

"राजनंदिनी, तू बस," मी म्हणालो. ती बसली. तिची बोटं न बघता बरोबर पडली. 'शरण'. मग ती एकेका मशीनवर गेली आणि सगळीकडे तेच उमटवलं. शिवलीलाने लोकांना आज्जा-नातवाचा हिशेब समजावला, आणि महाराज कुठल्या कळा दाबत होते तेही सगळ्यांना दाबून दाखवलं.

"आत्मा कोपलाय," महाराज म्हणाले. "कुणीतरी इटाळ केला."

"आत्म्याचं ऱ्हाऊ द्या, महाराज," हिंमतराव म्हणाले. "काल जी अक्षरं तुमच्या बोटाला वश होती, त्यांनी आज माझ्या पोरीचं ऐकलं. ह्या पिशवीसकट तिला तुमच्या मठात सोडणार होतो म्या."

महाराज जिना उतरून गेले तेव्हा कुणी पाया पडलं नाही. हिंमतराव पिशवी घट्ट धरून मुलीपुढे उभे होते. ती म्हणाली, "बापू, मला सरावाला बसायचंय. जेवायला उशीर हुईल."

वाचकहो, यंत्र बिघडतं तसं शरीर बिघडतं, पीक बिघडतं, आणि प्रत्येक बिघाडाला कारण असतं. ते कारण चटकन सापडत नाही, म्हणून कुणाच्या तरी लेकीच्या माथी मारू नका. चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी एवढंच बघा, की बोट नक्की कुठल्या कळेवर पडतंय.