न परतवलेला मांडव

मांडव घालणाऱ्या जोतीरामाचा गिऱ्हाइकाला पहिला सवाल ठरलेला, "उतरवायचं का ठेवायचं?" सोलापुरात चार भाषांची माणसं त्याच्या दाराशी येत आणि चारी भाषांत उत्तर तयार असे. चार दिवसांचा तो मांडव, कायमचा तो सभामंडप. कानडीत हंदर वेगळा, मंटप वेगळा. विणकरांच्या बायका तेलुगूत पंदिरी म्हणाल्या की बांबू काढायचे, मंडपम म्हणाल्या की गवंड्याकडं धाडायचं. दखनी बोलणाराही शामियान्याला कधी दिवाणखाना म्हणायचा नाही.

त्याचा भागीदार ईरप्पा म्हणे, "हंदराला पाहुणे असतात, मंटपाला मालक. पाहुण्याला निरोप द्यावा लागतो की."

रंभाबाईच्या मांडवाला मात्र निरोप मिळालाच नाही. सरकीच्या व्यापाऱ्याची ही विधवा. एकुलत्या भीमाचं लग्न काढलं, मांडव पडला, देवक बसलं, आणि हळदीच्या आदल्या दिवशी पोरगा तापानं गेला. तेरावा उरकल्यावर जोतीराम दोऱ्या सोडायला गेला, तर बाईनं मांडवाची मेढच कवटाळली.

"हात लावू नकोस. त्याची हळद व्हायची हाय."

जोतीरामाला गलबलून आलं. तिच्याच सांगण्यावरून त्यानं कापड काढून वर पत्रे टाकले, तीन बाजूंनी भिंती घातल्या. देवक उठवायचं राहिलं ते राहिलंच.

"ह्याला काय म्हणायचं?" ईरप्पा बाहेरच उभा राहून म्हणाला. "हंदर न्हाय, मंटप न्हाय. आत बोलावलेले कोण, तसेच आलेले कोण, कुणी सांगायचं?"

सहा महिन्यांनी, वैशाखात, जोतीराम पत्र्याचे खिळे ठोकायला गेला. गिरणीचा दुपारचा भोंगा नुकताच झाला होता. आत चिपळ्या वाजल्या. मग वीणा. मग आवाज आला तो कीर्तनकार रावजीबुवांचा. तीन वर्षांमागं बुवांच्या तिरडीला जोतीरामानं स्वतः खांदा दिला होता.

भ्यायला हवं होतं. पण कीर्तनाची गोडी लागलेल्या जिवाला बुवांचा सूर कानी पडल्यावर भिण्याची शुद्ध कुठली! समोर सारवलेली मोकळी जमीन. तरी तो बसायला वाकला तेव्हा कुणीतरी सरकून जागा दिली. मांडीला मांडी लागली. ती थंड होती.

दिवेलागणीला बायको तानाबाई शोधत आली.

"कुणापुढं हात जोडून बसलाय? भिंतीपुढं?"

"हळू बोल. बुवा आख्यानात हायेत. आरती झाली की आलोच."

"कुठले बुवा? हितं उंदीर बी न्हाय!"

तो हलेना. कीर्तनातून अर्ध्यावर उठणं म्हणजे वाढलेल्या ताटाला लाथ मारणं, हे तो आईच्या मांडीवर शिकला होता. शेवटी ईरप्पानं आणि तिनं दोन्हीकडून धरून त्याला घरी नेलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथंच. असे अकरा दिवस गेले. भाकरी गोड लागेना, गाल आत गेले. बुवा अगदी आरतीपाशी येत, आणि पुन्हा नमनाला लागत.

बाराव्या दिवशी तानाबाई पदर खोचून मांडवात शिरली. नवरा एका टोकाला बसलेला. दुसऱ्या टोकाला रंभाबाई, मांडीवर कालवलेल्या हळदीची वाटी.

"आक्का, माझा मालक वाळत चाललाय. मांडव परतवा, पाहुण्यांना निरोप द्या."

"गप गं. बायका गाणी म्हणायला लागल्यात. माझा भीमा पाटावर बसतोय."

"मला काय बी ऐकू येत न्हाय. मग लागली का हळद त्याला?"

रंभाबाईनं वाटी मांडीवर घट्ट धरली. "रोज बसतो. मी हात पुढं केला की बायका पुन्हा पहिलंच गाणं धरतात."

पलीकडून जोतीरामाचा घोगरा आवाज आला. "आक्का, माझी बी आरती होईना."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग जोतीराम भिंतीला धरून उठला. जन्मात पहिल्यांदा, भर कीर्तनातून.

"बुवा, अपराध पदरात घ्या," तो म्हणाला.

चिपळ्या थांबल्या. त्या रिकाम्या जागेतली सगळी तोंडं आपल्याकडं वळली, हे त्याला पाठीवर कळत होतं. पण तो खाली बसला नाही.

"आता तुमी, आक्का. पाहुणे तुमचे. तुमच्याबिगर त्यांना निघताना कोण 'या' म्हणणार?"

देवक उठवायला रंभाबाईनं त्यावर अक्षता टाकल्या. तिला मंत्र येत नव्हते. मांडवाच्या उघड्या बाजूला उभी राहून ती नुसती म्हणत होती, "या. सांभाळून जा." वारा नव्हता, तरी बुक्क्याचा वास एकेक करून तिच्याजवळून बाहेर पडू लागला. मधेच ती कुणा वडीलधाऱ्यासाठी पदर डोक्यावर ओढून वाकली. तानाबाईनं तोंडात पदर कोंबला, कारण अंगणातली धूळ पावलापावलानं दबत होती.

सगळ्यांत शेवटी रंभाबाईनं दोन बोटं वाटीत बुडवून हात वर केला, तरण्या पोराच्या गालाच्या उंचीइतका. तो तसाच धरला. या खेपेला बायकांनी पुन्हा पहिलं गाणं धरलं नाही.

हात खाली आला तेव्हा बोटं कोरडी होती. हळदीचा ठिपूस नव्हता.

"गेला," ती म्हणाली, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. तानाबाईनं तिला पोटाशी धरलं.

जोतीरामानं शिडी लावली आणि पहिला पत्रा उचकटला.